लोणारच्या तळातला दुष्काळ

सरोवरांच्या गाळावरून जुनं हवामान शोधतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे सिंधू संस्कृती दुष्काळानेच बुडाली ना?" मी उत्तरादाखल लोणारला जातो. प्रश्नकर्त्याला ते आडवळण वाटतं. पण आहे ते सरळच.

आमच्या विषयातलं वैभव पाहायचं तर जपानमधलं सुइगेत्सु सरोवर. त्याच्या तळाशी प्राणवायू नाही, म्हणून गाळ उकरणारे किडे नाहीत. वर्षागणिक फिकट-गडद थरांची जोडी साचत गेलेली, मोजायला मोकळी. 2006 साली तिथे शेजारीशेजारी चार छिद्रं घेतली, कारण एका छिद्रातून तुकड्यातुकड्याने गाळ काढताना सांध्यावरचा थोडा हरवतोच. एकाची फट दुसऱ्याने भरायची.

लोणारचा गाळ असा वर्षावर्षाला हिशेब देत नाही. तिथे साक्ष क्षारांची. बेसॉल्टमधल्या या सुमारे 1.8 किलोमीटर रुंद विवरात पावसाचं आणि 'धार'सारख्या झऱ्यांचं पाणी उतरतं. बाहेर जाणारा ओढा मात्र एकही नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. (साबण आणि काचेसाठी लागणाऱ्या इथल्या क्षारांची दखल 'ऐन-ए-अकबरी'नेही घेतली आहे.) पाऊस वर्षानुवर्षं कमी पडला की पातळी खाली जाते, पाणी दाट होतं आणि पाकात खडीसाखर धरावी तसे तळच्या चिखलात गेलुसाइटचे स्फटिक धरतात. सोडियम-कॅल्शियमचं हे पाणीदार कार्बोनेट गाळाच्या नमुन्यात नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सोबतीला पानांवरच्या मेणाचे अंश असतात. त्यांतल्या कार्बनवरून काठावर झाडी जास्त होती की गवत, हे कळतं.

लोणारमधून काढलेल्या सुमारे 10 मीटर गाळात साधारण 11,000 वर्षं मावली आहेत. म्हणजे एका सेंटिमीटरला सरासरी अकरा वर्षं. बारा वर्षं चालला असं सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ इथे बोटाच्या पेरापेक्षाही कमी जागेत संपतो! शिवाय कालमापनात चूक राहतेच. सरोवराच्या पाण्यातला कार्बन जुना असू शकतो, आणि तो गाळाचं वय फुगवतो. वाहून आलेलं झाडाचं पान किंवा काडी सापडली तर तिच्यावर जास्त भरवसा.

या गाळात गेलुसाइटचे दोन पट्टे आहेत. पहिला सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा. हडप्पाची नगरं ओस पडू लागली तो काळ यातच येतो. हरियाणातल्या कोटला डहर इथल्या गोगलगायींच्या शंखांतला ऑक्सिजनही सुमारे 4,100 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस ढासळल्याचं सांगतो. वर्तमानपत्रांना एवढं पुरतं.

दुसरा पट्टा सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा, पहिल्याच्या दुप्पट लांबीचा. त्याची बातमी होत नाही. का, ते पाहा: याच काळात वाकाटकांच्या अमदानीत अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली, राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास उभं केलं, देवगिरीला यादव नांदले. खुद्द लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिरही याच पट्ट्यातलं. दुष्काळ पडला की संस्कृती बुडते, हा नियम असता तर दख्खनला बुडायला चौदाशे वर्षं मिळाली होती. पट्टा म्हणजे रोजचा उपास नव्हे. सरासरी पाऊस घसरला, एवढंच तो सांगतो. माणसांनी त्या घसरणीला काय उत्तर दिलं, ते चिखलात लिहिलेलं नसतं. हडप्पाबद्दलही म्हणून मी एवढंच म्हणतो: पाऊस घटला होता, हे खरं. त्यापुढचं ओझं गाळावर टाकू नये.

आता एक विनंती. 1876 सारख्या एकेका दुष्काळाची खूण लोणारमध्ये शोधणं कठीण. ती सापडली तर भराभर गाळ साचणाऱ्या जुन्या तलावांत, उदाहरणार्थ भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांत. हाच गाळ आता उपसून शेतात टाकला जातो. शेताला तो हवाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त तुमच्या गावच्या जुन्या तलावात पोकलेन उतरवण्याआधी, जिथे गाळ सर्वांत खोल आहे तिथे एक नळी तळापर्यंत रोवून नमुना काढून घ्या, वरची बाजू कोणती ते नळीवर लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे पोहोचवा.