शाईचा डाग

एके काळी आपल्या घरांच्या ओटीवर लाकडी बाक, फार तर एखादी आरामखुर्ची असे. तीवर शाई सांडली तर ओले फडके फिरविले की काम भागे. लाकडाने जी शाई पिऊन टाकली ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. पुढे दिवाणखाने आले, त्यांत रेक्झिनचे सोफे आले, आणि ऐपत वाढली तेथे चामड्याचेही आले. कित्येक ख्रिस्तमंदिरांत गुडघे टेकण्याच्या फळ्यांवरही रेक्झिनच्या गाद्या बसल्या. अशा गुळगुळीत पृष्ठभागावर पेनाची एक रेघ उमटली तरी सारे घर अस्वस्थ होते. रसायनशास्त्र शिकविण्यात आमची हयात गेली असल्याने असल्या प्रसंगी शेजारीपाजारी आमची आठवण काढतात. त्या अनुभवाच्या आधारे हे चार शब्द.

डाग काढणाऱ्याने प्रथम शाई ओळखावी. शाईच्या पेनातील साधी निळी शाई पाण्यात विरघळते. ती ताजी असेल तर ओलसर फडक्यानेच बरीचशी निघते. बॉलपेनाची गोष्ट निराळी. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यातील शाई पातळ पाण्यासारखी नसून घट्ट लेपासारखी असते. तिच्यात पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक रंगच असतो, आणि त्या रंगावर पाण्याची मात्रा चालत नाही. तो अल्कोहोलात मात्र विरघळतो. जेल पेनांतील काही शायांत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. तो डाग सर्वांत हट्टी.

मग पृष्ठभाग ओळखावा. रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेला प्लास्टिकचा थर. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात, आणि शाईचा रंग त्यांच्या आश्रयाने हळूहळू आत उतरतो. म्हणून आजचा डाग आजच काढलेला बरा. चामड्यावर आडोशाला पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब तसाच उभा राहिला तर चामड्यावर संरक्षक लेप आहे असे समजावे. तो जिरून जागा काळपट झाली तर आपण हात न लावता जाणकाराला बोलवावे.

जुन्या चामड्याचे आणखी एक रहस्य आहे. हिरडा किंवा बाभळीची साल यांतील ज्या तुरट द्रव्याने कातडे कमावतात, तेच द्रव्य हिराकसाशी मिळाले की काळी शाई तयार होते. तेव्हा लोहयुक्त जुनी शाई अशा चामड्यावर सांडली तर ती चामड्याच्या अंगातच रुजते. तो डाग काढू म्हणणे म्हणजे चामड्यालाच हात घालणे होय.

लेप असलेल्या चामड्यावरील किंवा रेक्झिनवरील बॉलपेनाचा डाग काढण्यास औषधाच्या दुकानातील स्पिरिट पुरते. २०२० च्या साथीपासून घरोघरी आलेले सॅनिटायझरही अडीअडचणीला चालते. घरातील क्रुसापुढे मेणबत्ती जळत असेल तर ती आधी विझवावी, कारण स्पिरिट चटकन पेट घेते. आडोशाच्या जागी चाचणी करून पाहावी. मग कापसाच्या बोळ्यावर थोडेसेच स्पिरिट घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे हलकेच टिपत यावे. बोळा निळा झाला की तो टाकून दुसरा घ्यावा; नाहीतर काढलेला रंग आपणच पुन्हा पसरवितो. शेवटी साबणाच्या सौम्य पाण्याचे फडके फिरवून कोरडे करावे. नखांचा रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन मात्र वापरू नये. ते शाईबरोबर चामड्याचा लेपही उतरविते आणि रेक्झिन मऊ पाडून विद्रूप करते. आणि मुख्य गोष्ट ही की, टिपावे, चोळू नये.

हे न चोळणेच माणसांना जमत नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका परिचितांकडे गेलो होतो. घरातील वडीलधारे ऐंशी ओलांडलेले, हाताला कंप सुटलेला. रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या सोफ्यावर बसून डायरीत चार ओळी लिहिण्याचा त्यांचा फार वर्षांचा नेम: केळीला पाणी कधी दिले, गावात कोण वारले, कोण भेटून गेले. एके दिवशी पेन निसटले आणि सोफ्याच्या हातावर वीतभर रेघ उमटली. त्यांना कोणी वावगे बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी ओटीवर प्लास्टिकची खुर्ची ठेवण्यात आली, इतकेच.

आम्ही पोहोचलो तेव्हा सोफ्यावर अ‍ॅसिटोनचा प्रयोग होऊन गेला होता. तळहाताएवढी जागा निस्तेज झाली होती आणि रेघ होती तेथेच होती. स्पिरिटने अर्ध्या तासात ती बहुतेक गेली. गेलेली झिलई परत आणणे आमच्या हाती नव्हते. निघताना ओटीवर थांबून विचारले, "काका, डायरी कुठवर आली?" ते म्हणाले, "बंद केली मास्तर. हात कापतो, उगाच कुणाचं काहीतरी खराब व्हायचं."

मुलगा दारातच उभा होता. तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने सोफ्याच्या हातावर जुना टॉवेल अंथरला, मुलांचा परीक्षेचा पॅड शोधून आणला आणि वडिलांना हाताला धरून त्यांच्या जागी नेऊन बसविले. त्यांनी त्या दिवशी काय लिहिले ते आम्ही पाहिले नाही. पाहण्याचा आम्हांला अधिकारही नव्हता.

डागाच्या बाबतीत आता आम्ही कोणालाही प्रथम हेच विचारतो की, पेन कोणाच्या हातात होते? लहान मूल असेल तर त्याच्या अक्षराला अजून वळण लागायचे असते. म्हातारा जीव असेल तर त्याच्या अक्षराचे थोडेच दिवस उरलेले असतात. दोघांनाही बसायला चांगली जागा हवी आणि लिहायला मोकळीक हवी. स्पिरिटची बाटली दहा मिनिटे उशिरा उघडली तरी चालते; बोळा हलक्या हाताने टेकविला की बरीच शाई निघून येते. एखादी फिकट निळी छटा मागे राहिलीच तर ती राहू द्यावी. लिहिणारे माणूस घरात आहे, एवढाच तिचा अर्थ.