निबंध अर्ध्यावर असताना

तपासलेली निबंधवही हातात पडली की पोरं आधी स्वतःचे गुण बघतात, मग शेजाऱ्याचे. ‘मुद्दे वाढवा’, ‘अक्षर सुधारा’ हे लाल शेरे त्यानंतर कोण वाचतं? रूथ बटलर यांनी १९८८ साली इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली; शेऱ्यासोबत गुणही दिले, तिथे शेरा वाया गेला. शिक्षकखोलीत याचं कुणालाच नवल वाटणार नाही. तरी दर चाचणीनंतर आम्ही गठ्ठा घेऊन बसतो आणि त्याच चार ओळी लिहितो.

सांगायचं ते मूल लिहीत असतानाच सांगावं, या मताची मी झाले आहे. मुलं लिहू लागली की बाकांमधून हिंडायचं, वाकून वाचायचं. विषय ‘पावसाळा’ असला की सृष्टी गाइडातला हिरवा शालू नेसूनच येते. एका मुलीचं पेन या शालूपाशीच अडलं होतं.

“तुमच्याकडे पावसात काय होतं गं?”

“काही नाही बाई. सरपण भिजतं. मग आई माझ्या जुन्या वह्या चुलीत घालते.”

“हे लिही की.”

“निबंधात चालतं हे?”

तिने लिहिलं. ‘भीजतं’ लिहिलं, ‘जून्या’ लिहिलं. हात शिवशिवला, पण मी गप्प राहिले. त्या क्षणी वेलांटी-उकार काढला असता, तर पुढे तिने बिनचूक येतात तेवढेच शब्द वापरले असते, आणि शालू तिला बिनचूक येत होता. शुद्धलेखन हवंच, पण ते पक्क्या वहीत उतरवताना. तोंडभर ‘छान’ म्हणण्यातही अर्थ नाही. नेमकं कुठलं वाक्य छान, त्यावर बोट ठेवावं लागतं. आणि सगळ्यात मोठा मोह म्हणजे आपलं वाक्य सुचवण्याचा. मूल ते लगेच उतरवून घेतं, आणि निबंध बाईंचा होतो.

सहकारी म्हणतात, पस्तीस मिनिटांच्या तासात साठ जणांपर्यंत पोचणार कशा? नाहीच पोचत. अडलेल्यांकडे आधी जाते. बाकीच्यांना सांगितलं, शेजाऱ्याला वाचून दाखवा आणि कुठे कळलं नाही ते विचारा. पहिल्याच दिवशी निम्म्या वर्गाने माझ्याकडे लाल पेन मागितलं.