भोरडीची तीन नावे

माणसाला टोपणनाव मिळते ते त्याच्या गुणावरून. पाखराला मात्र ते पुष्कळदा आपल्या नफ्यातोट्यावरून मिळते, असे मला वाटते. भोरडीचेच पाहा ना! साळुंकीच्या गोतातले आणि तिच्याएवढेच हे पाखरू. डोके, पंख, शेपूट काळेभोर आणि पाठपोट गुलाबी. काळ्या पोशाखावर कोणी गुलाबी जाकीट चढवावे तसे! श्रावण-भाद्रपदात त्यांचे थवे थेट मध्य आशियाकडून आपल्याकडे येऊ लागतात आणि चैत्र सरता सरता परततात. फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की मध प्यायला त्यांची झुंबड उडते. म्हणून पुस्तकात हिचे नाव पळसमैना. किती गोड नाव!

पण सिन्नरकडच्या माझ्या मामीपुढे ते घेऊन पाहा. पौषात तिच्या दीड एकर जोंधळ्यात दाणा भरू लागला की ही मैना शेकड्यांनी उतरते. उजाडायच्या आत मामी माळ्यावर चढते, गोफण फिरवते, डबा बडवते. तेवढ्या जोंधळ्यावर तिच्या घरची वर्षाची भाकरी असते. तिच्या लेखी ती भोरडीच, आणि भोरडी म्हणजे चोर!

नाशिकला वर्गात मी या पाखराचे चित्र दाखवले, तेव्हा शहरातली मुले म्हणाली, “मैना!” मागच्या बाकावरचा खेड्यातला मुलगा हळूच म्हणाला, “भोरडी.” मुले हसली. मी फळ्यावर दोन्ही नावे लिहिली. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त लोकांच्या तोंडची अशी नावे आदराने जपली आहेत, मग मास्तरने ती का पुसावीत?

तिसरे नाव शास्त्रज्ञांचे, ‘पास्टर’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मेंढपाळ. चरणाऱ्या मेंढरांमागे हिंडून ही गवतातले किडे टिपते, त्यावरून ते पडले. मायदेशी ती पिलांना टोळ नि नाकतोडे भरवते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून माणसे तिला मुद्दाम घरटी बांधून देतात. म्हणजे इथला चोर तिथे राखणदार!

गेल्या संक्रांतीला हे सारे मी मामीला माळ्याखाली उभा राहून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, गोफणीत नवा खडा बसवला आणि म्हणाली,

“मंग तिकडं राखण करून पगार इथं घेती व्हय रं, मास्तर?”