ग्रीस, व्हाया भाईंदर

रजा मंजूर झाली होती. सलग आठ दिवस! नोकरी करणाऱ्यांना या वाक्याची किंमत सांगायला नको. आम्हा चौघींचा ग्रीसचा प्लॅन होता. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले ऑक्टोपस आणि दुपारी चक्क झोपलेलं गाव. तिकडे त्या दुपारच्या वेळेला 'मेसिमेरी' म्हणतात, हेसुद्धा मी पाठ करून ठेवलं होतं.

आणि सोसायटीनं बिल्डिंगच्या दुरुस्तीचे पैसे मागितले. भाईंदर पूर्वेला जुन्या बिल्डिंगीत राहणाऱ्यांना हे वाक्यही समजावून सांगायला नको. तिघी गेल्या, मी राहिले.

आमच्याकडे 'स्लो' फक्त लोकल असते. बाकी सगळं फास्ट. भाईंदरहून सुटणारी गाडी मिळाली तर टेकायला जागा, नाहीतर विरारहून भरून आलेल्या डब्यात एका पायावर. त्यामुळे मोकळे आठ दिवस हातात आल्यावर मी काय केलं? दोन दिवस सकाळी सहालाच उठले आणि टीव्हीसमोर चिडून बसले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "समुद्रच बघायचाय ना? मग मावशीकडे जाऊन राहा की."

मावशी म्हणजे आमची मासेवाली. बारा वर्षं आमच्या बिल्डिंगखाली टोपली घेऊन बसते. घर उत्तनला. माडीवरची खोली रिकामी होती. "ये गो बाय, भाडंबिडं नंतर बघू," म्हणाली. (नंतर बघितलं. आढेवेढे घेत घेतलं.)

जायचं कसं? पुलावरून पश्चिमेला उतरा आणि स्टेशनबाहेरून उत्तनची बस धरा. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडतात, बिल्डिंगी कमी होत जातात, झाडं वाढत जातात. मग खिडकीतून एक ओळखीचा वास येतो. सुके बोंबील! पाऊण तासाचा प्रवास, व्हिसा लागत नाही. गंमत म्हणजे महापालिकासुद्धा आपलीच. २००२ साली झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आमचा नवघर रोड आणि हा किनारा एकत्रच आहेत.

पहिल्याच सकाळी मी मावशीला विचारलं, "होडी किती वाजता येते?"

"पाण्यावर गो बाय."

मला वाटलं, प्रश्न कळला नसेल. कळलं नव्हतं ते मलाच. इथे बोंबील पकडायचं जाळं म्हणजे डोल. तोंडाकडे रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी लांबलचक पिशवीच. ती समुद्रात एका जागी रोवून ठेवतात. माशांच्या मागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचा ओढाच मासे आत आणतो, आणि पाणी थांबलं की जाळं उपसायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे काम सरकतं, मग जेवण सरकतं, झोप सरकते. माझं घड्याळ दोन दिवसांत बॅगेत गेलं. "पाणी कधी आहे?" एवढं विचारलं की दिवसाचं टाइमटेबल मिळायचं.

आणि काय सुरेख दिवस होते ते! जानेवारीची हवा. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी, त्यावर बोंबलांच्या रांगा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. ऑक्टोपस नसतील, पण फोटोतलं ते वाळवण माझ्यासमोर होतं आणि त्यात माझाही हात होता. पहिल्या दिवशी बोटं सोलली. दुसऱ्या दिवशी बायका हसायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गावगप्पांत घेतलं. दुपारी तांदळाची भाकरी, बॉटल मसाल्याचं कालवण आणि मग गाढ झोप. मेसिमेरी, दुसरं काय! संध्याकाळी चर्चची घंटा. एकदा चालत चौकला धारावी किल्ल्यावर गेले. समोर खाडीपलीकडे वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेत हे ठाणं मोक्याचं होतं. तेवढं आठवलं आणि मग काहीच न आठवता मी तासभर नुसती बसून राहिले.

चौथ्या संध्याकाळी वारा फिरला. ओट्यावर बसलो होतो आणि एकदम कुजका, जळका वास आला. बोंबलाचा नव्हे.

"कसला गं वास, मावशी?"

"तुमच्या भाईंदरचा."

ती रागावून बोलली नाही. भांडी आत नेता नेता बोलली, म्हणूनच जास्त लागलं. गावामागे धावगीचा डोंगर आहे. वर्षानुवर्षं अख्ख्या मीरा-भाईंदरचा कचरा तिथे येत राहिला. ढिगाला आगी लागतात, पावसात काळं पाणी खाली शेतांकडे उतरतं. लोकांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. हे सगळं मी कधीतरी पेपरात वाचलंही होतं आणि पान उलटलं होतं. रोज सकाळी दाराबाहेर ठेवते ती काळी पिशवी कुठे जाते? मला वाटायचं, 'जाते'. ती इथे येते. म्हणजे मावशी बारा वर्षं उत्तनहून आमच्या दारात ताजी मासळी आणतेय, आणि आम्ही बदल्यात हे पाठवतोय.

त्या रात्री मी आणखी एक गोष्ट विचारली. "तुला इथली ही शांती आवडते का?" ती हसली. "शांती तुला. माझ्या वलांडीवर अवकाळी पाऊस आला, तर एका रात्रीत सगळा माल जातो." मी ज्याला निवांतपणा म्हणत होते, तो तिचा थांबण्याचा वेळ होता. पाण्यासाठी थांबायचं, उन्हासाठी थांबायचं. फक्त ती थांबताना माझ्यासारखी मनगटाकडे बघत नव्हती. एवढं मात्र मला तिच्याकडून हवंय.

तुम्हीही जा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून मेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. फोटो विचारून काढा, सुके बोंबील विकत घ्या आणि येताना आपला कचरा आपल्याबरोबर आणा. तसं पाहिलं तर आपला बराच कचरा तिथे आधीच पोचलाय.

मैत्रिणी ग्रीसहून आल्या, चारशे फोटो दाखवले. गाव छानच होतं. मी आता ओला आणि सुका कचरा वेगळा करते. धावगीचा डोंगर त्यानं उतरणार नाही, ठाऊक आहे. पण पिशवी बाहेर ठेवताना ती कुठे निघालीय, हे मला माहीत असतं.

परवा सकाळी खाली शेजारच्या काकू मावशीवर वैतागल्या होत्या. "काय हे, आज इतका उशीर?" मावशी नेहमीसारखी गप्प.

"पाणीच उशिरा होतं, काकू," मी म्हटलं आणि लोकलसाठी पळाले.