जळगांवाहून धुळ्यास : एका बंद पडलेल्या टीव्हीसह

वैशाखाच्या दुपारीं खानदेशांत कोणीं सुखासुखीं घराबाहेर पडूं नये, असें आमच्याकडील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत आणि तें अक्षरशः खरें आहे. जळगांवास या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. रस्ते ओस पडतात आणि ज्याच्या त्याच्या खिडकींत कूलरची घरघर चाललेली असते. अशा दिवसांत, वयाची पासष्टी उलटलेले आम्ही जळगांवाहून धुळ्यास गेलों. आणि तेंही एक बंद पडलेला टीव्ही सोबत घेऊन! घरच्या मंडळींनीं आमची थट्टा केली. परंतु त्या एका दिवसांत जें शिकावयास मिळालें, तें शिक्षकाच्या सबंध नोकरींत मिळालें नव्हतें. म्हणून तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

घडलें तें असें. आमचें कुटुंब एकत्र. लहानमोठीं दहा माणसें. माजघरांतील बत्तीस इंची टीव्ही एके सायंकाळीं एकाएकीं काळा पडला. बातम्या स्पष्ट ऐकूं येत होत्या, पण पडद्यावर चित्र नाहीं. शहरांतील एका दुकानदारास दाखविला. त्यानें झाकणही न उघडतां, "पॅनेल गेलें. दुरुस्तीपेक्षां नवा घ्या," असा निकाल दिला. सूनबाईंनीं नव्याच्या किंमती विचारण्यास आरंभ केला.

त्या रात्रीं पाणी प्यावयास उठलों तों माजघरांत उजेड दिसला. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला आमचा थोरला नातू टीव्हीच्या पाठीचे स्क्रू काढून बसला होता, आणि हातांतील स्क्रू ड्रायव्हर आंत घालण्याच्या बेतांत होता. आम्ही ओरडलों, "हात काढ!" तो शांतपणें म्हणाला, "आजोबा, प्लग काढला आहे. आतां यांत वीज कुठली?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. "पुन्हां हात लावलास तर याद राख," एवढेंच बोलून आम्हीं त्यास झोपावयास पाठविलें. विद्युत्प्रवाहाचा धडा आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर आकृति काढून शिकविला. पण मुलाचें म्हणणें बरोबर कीं चूक, हें आमचें आम्हांसच ठाऊक नव्हतें. ती टोंचणी रात्रभर राहिली. धुळ्यास आमचा एक जुना विद्यार्थी टीव्ही दुरुस्तीचें दुकान चालवितो, याचें पहाटे स्मरण झालें. त्यास फोन केला. तो म्हणाला, "गुरुजी, अवश्य आणा. पण संच उभाच ठेवा, आडवा टाकूं नका. आणि पडद्यावर दोरी आवळूं नका. आंतील कांच फार पातळ असते."

मुंबईस दूरदर्शनचें केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. रंगीत चित्र आलें १९८२ सालीं. १९८७ सालीं 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं गल्लींतील सारी मंडळी एखाद्याच घरीं जमत असत. तो टीव्ही म्हणजे लाकडी पेटाऱ्यासारखा खोका. त्याच्या काचेच्या नळींत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असे, आणि कारागीर सांगत, "याच्या पाठीस हात लावूं नका." लोकही भीत असत. पुढें चपटा पडदा आला. खोका गेला, त्याबरोबर भीतीही गेली. जें पातळ तें निरुपद्रवी, असा आपला समज झाला. आमच्या नातवाचाही तोच झाला होता.

असो. गोधडींत गुंडाळलेला टीव्ही दोघांच्या गुडघ्यांमध्यें उभा धरून आम्ही एस.टी.त बसलों. शहर सुटतांच बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. नदींत वाळूच अधिक, पाणी नांवाला. पलीकडे कवयित्री बहिणाबाई चौधरींचें नांव धारण करणारें विद्यापीठ. ज्या माउलीस अक्षरओळख नव्हती, तिच्या नांवें विद्यापीठ असावें, यांतील मर्म आम्हांस त्या दिवशीं संध्याकाळीं अधिक कळलें. पाळधी मागें पडलें, एरंडोल आलें. बसमध्यें एक म्हातारी शेतकरीण शेजारीं येऊन बसली. गोधडीच्या फटींतून तिला आपलें तोंड दिसलें असावें. ती म्हणाली, "हाई काय शे, बाबा? आरसा शे का?" आम्हीं म्हटलें, "सध्यां तरी आरसाच आहे, बाई!" सारी बस हंसली. पारोळ्यास भुईकोट किल्ल्याचे बुरूज खिडकींतून पाहिले, रसवंतीवर एकेक पेला उसाचा रस घेतला आणि दोन प्रहरीं धुळ्यास उतरलों.

पांझरेच्या कांठचें हें शहर ब्रिग्ज साहेबानें १८१९ सालीं जिल्ह्याचें ठाणें केलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं येथेंच देह ठेवला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ पुढल्याच वर्षीं उभें राहिलें. या जिल्ह्याशीं आणखी एक नांव निगडित आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागले, तेव्हां त्यांची आरंभीची कामगिरी याच खानदेशांत, पांझरेच्या पाण्याच्या कामावर होती. जुने कागद जपणारे आणि नवीं यंत्रें जाणणारे, दोघांसही हें गांव मानवलें आहे.

विद्यार्थ्याचें दुकान लहानसेंच. जमिनीवर रबरी चटई, टेबलावर मऊ कांबळें, भिंतीवर शंभर वॅटचा एक साधा बल्ब. त्यानें वांकून नमस्कार केला, चहा मागविला. चहा होतांच नातवाचा रात्रीचा प्रश्न आम्हींच त्याच्यापुढें मांडला. तो हंसला नाहीं. कोपऱ्यांतील एक संच त्यानें पुढें ओढला. "हा सर्वस्वी बंद आहे. तुम्ही येण्यापूर्वींच मीं याचा प्लग काढून ठेवला आहे." मग झाकण बाजूस सारून त्यानें मल्टिमीटरचीं टोकें एका जाड नळकांड्याच्या पायांस लावलीं. आंकडा तीनशेच्या जवळ होता. नातवाचा चेहरा उतरला, आमचाही.

त्यानें समजावून सांगितलें तें असें. घरांतील वीज २३० व्होल्टची, क्षणोक्षणीं दिशा पालटणारी. संचांत शिरतांच ती एका दिशेची करून मोठ्या कंडेन्सरमध्यें सांठविली जाते. तेथें तिचा दाब सव्वातीनशे व्होल्टपर्यंत, आणि कांहीं संचांत चारशेच्या जवळपास जातो. नळ बंद केला म्हणून रांजण रिकामा होत नाहीं, तसेंच हें. चालू संच बंद केला तर पुढील भाग तो सांठा बहुधा ओढून घेतात. परंतु ज्या संचाचा पुढील भागच मेला, तेथें पाणी उपसणारें कोणी उरत नाहीं. रांजण भरलेलाच राहतो. म्हणून बंद पडलेला संच चालत्यापेक्षां अधिक घातकी. "तुमच्या संचांत कदाचित् कांहीं झालें नसतें," तो नातवास म्हणाला, "पण 'कदाचित्' म्हणून आंत हात घालावयाचा नसतो."

मग आमचा टीव्ही घेतला. त्याच्या कामांत एक क्रम होता, आणि तो त्यानें एकदांही मोडला नाहीं. रिमोटनें बंद केलेला संच निद्रिस्त असतो, मृत नव्हे. आणि वायरिंग उलट जोडलें असेल तर भिंतीवरील बटण बंद करूनही आंत वीज पोंचते. म्हणून प्रथम प्लगच काढावयाचा, आणि छत्रीची किंवा केबलची तारही सोडवावयाची. मग दोघांनीं दोन कडा धरून संच कांबळ्यावर पालथा ठेवावयाचा. पडद्याच्या मध्यावर बोट दाबावयाचें नाहीं. दहा मिनिटें थांबावयाचें. झाकण काढल्यावर मोजावयाचें. सांठा उरला असेल तर तो योग्य रोधकामधून हळूहळू उतरवावयाचा आणि पुन्हां मोजावयाचें. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडणें हा अडाणीपणा. त्यांत धातूचे कण उडून डोळा जातो. कांहीं मोजमाप संच चालू ठेवूनच करावें लागतें. त्या वेळीं त्याचा डावा हात खिशांत होता. कारण विचारलें, तेव्हां म्हणाला, "वीज एका हातांतून शिरून दुसऱ्यांतून निघाली, तर वाटेंत छाती लागते."

पाणिनीच्या व्याकरणांत सूत्रांचा क्रम चुकला तर रूप चुकतें, हें आम्हीं जन्मभर घोकलें. येथें क्रम चुकला तर माणूस जातो.

दोषही त्यानें आमच्यासमक्ष शोधला. संच क्षणभर सुरू करून, खोलींत अंधार करून, पडद्यावर विजेरी तिरपी धरली; आणि काय आश्चर्य! त्या काळ्या पडद्यावर अंधुक चित्र हालतांना दिसलें. पॅनेल शाबूत होतें. गेला होता तो त्याच्या पाठीमागील प्रकाश. या पडद्यास स्वतःचें तेज नसतें. मागें बारीक एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि ते दिवे बहुधा माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. माळेंतील एक दिवा गेला कीं सारी माळ विझते. त्या माळेंतही शंभराहून अधिक व्होल्ट असूं शकतात, हें त्यानें नातवास बजावून सांगितलें. पॅनेल उचलतांना पंखा बंद, हात धुतलेले, आणि दुसऱ्या बाजूस त्याचा साहाय्यक. कडेच्या फिती इतक्या नाजूक, कीं एक दुमडली तरी पॅनेल खरोखरच जातें. मेलेला दिवा एकच निघाला. तरी त्यानें साऱ्या पट्ट्या बदलल्या. त्याचें म्हणणें, बाकीचेही त्याच वयाचे. आज एक गेला, उद्यां दुसरा जाईल.

सारें जोडून झाल्यावर त्यानें संच थेट भिंतीच्या प्लगांत लावला नाहीं. भिंतीवरील तो बल्ब मालिकेंत घेऊन मग वीज सोडली. आंत कोठें तार भिडली असती, तर बल्ब प्रखर पेटून भार त्यानें झेलला असता. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तेव्हां तो म्हणाला, "आतां घ्या." पडद्यावर चित्र आलें. नातवानें टाळी वाजविली.

निघतांना तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "गुरुजी, शाळेचा रेडिओ आठवतो?" आम्हांस आठवला. सातवींत असतांना मधल्या सुट्टींत त्यानें शाळेचा रेडिओ उघडला होता, आणि आम्हीं त्यास दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें होतें. "त्या दिवशीं शिक्षा झाली ती उघडल्याबद्दल. तो चालू असतांना उघडला होता, हें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. पुढें या धंद्यांत पहिला झटका बसला, तेव्हां मला तो दिवस आठवला." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पण आम्हांस वर मान करवली नाहीं. आम्हीं मनाई शिकविली होती, रीत शिकविली नव्हती. आणि आदल्या रात्रीं नातवाशींही तेंच केलें होतें.

गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं त्यानें चार गोष्टी आवर्जून सांगितल्या. पडदा पुसतांना संच बंद करून मऊ, किंचित् ओलसर फडक्यानें पुसावा; काचेवर पाणी शिंपडूं नये, तें खालच्या कडेनें आंत उतरतें. खानदेशांत कूलर आणि टीव्ही एकाच भिंतीस असतात; कूलरचा ओला झोत संचावर येऊं देऊं नये, दोहोंस एकाच जोडतारेवर लटकवूं नये, आणि अर्थिंग जाणत्याकडून तपासून घ्यावें. फ्यूज गेल्यास तेवढ्याच मापाचा घालावा. त्या जागीं तांब्याची तार वळविणें म्हणजे घरास आग लावून ठेवणें. आणि जूनच्या आरंभीं मृगाचे ढग जमूं लागले, कीं गडगडाट जवळ येण्यापूर्वींच प्लग आणि केबल दोन्ही काढावीं. वीज दोहों वाटांनीं येते. संचाचा बॅकलाइट थोडा कमी ठेवला तर दिवे कमी तापतात व अधिक टिकतात. झाकण उघडण्याचें काम मात्र ज्यानें तें शिकून घेतलें आहे त्यानेंच करावें.

दुरुस्तीस लागलेला पैसा नव्या संचाच्या किंमतीचा लहानसा अंश होता. विद्यार्थी आपल्या कष्टांचे पैसे घेईना. आम्हीं ते टेबलावर ठेवले.

परतीच्या बसमध्यें उन्हें उतरलीं होतीं. गिरणेच्या पुलावर नातू हळूच म्हणाला, "आजोबा, मी सुट्टींत धुळ्यास राहून हें शिकूं का?" तोंडावर 'नाहीं' आलें होतें; तें गिळलें. म्हटलें, "आधीं सांग, बंद संच समोर आला तर पहिली गोष्ट कोणती करशील?"

"प्लग काढीन."

"आणि दुसरी?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "थांबेन. मग मोजीन."

पुढील सोमवारीं तो धुळ्याच्या एस.टी.त बसला.