धर्मकाट्यावरची चिठ्ठी

फजरची नमाज झाली आणि आम्ही गाडी सुरू केली. भंडाऱ्याच्या गल्लीत अजून पुरता उजेड नव्हता. पिकअपच्या मागच्या डाल्यात तांब्याच्या डेगा, खुर्च्या, लोखंडी पाईप, गाद्या आणि सर्वांत शेवटी जनरेटर. ताडपत्री ओढून दोर आवळले, सफरची दुआ पढली आणि निघालो. तुमसरच्या पुढे, नाकाडोंगरीच्या बाजूला एका गावात निकाह होता. जोहरनंतर निकाह, लगेच जेवण. म्हणजे डेगा चुलीवर सकाळी नऊच्या आत चढायला हव्या होत्या.

आमचं बिछायत केंद्र आहे. आमच्या विदर्भात मांडव, खुर्च्या, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला हेच म्हणतात. भंडारा ही पितळेच्या भांड्यांची नगरी म्हणून ओळखली जाते आणि आमचं घरही भांड्यांवरच उभं राहिलेलं. आजोबा कल्हई करायचे. गावोगाव भाता घेऊन फिरायचे. अब्बांनी डेगा भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि आम्ही तिघा भावांनी त्यात मांडव आणि खुर्च्या जोडल्या.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तो भंडाऱ्यातला कुणीही विसरणार नाही. आमच्या गोदामात छातीएवढं पाणी होतं. जुनी गाडी त्यातच उभी होती. इंजिन खोलून, वाळवून ती पुढची काही वर्षं चालवली, पण तिच्यावर भरवसा उरला नव्हता. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे अब्बांचं म्हणणं पहिल्यापासून होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बचत केली, बायकांनी बिसीचे पैसे दिले, मोठ्या भाभींनी दोन बांगड्या मोडल्या आणि गेल्या वर्षी नवी कोरी डिझेल पिकअप दारात आली. अम्मींनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही एकट्याची नाही, सगळ्यांची अमानत आहे."

नवी गाडी आली की सल्ला देणारेही येतात. डाल्याला आतून रबरी चटई लावली, ते चांगलं झालं, डेगांना पोचे पडायचे थांबले. दोर बांधायला जास्तीचे हुक लावले, मागे आणि बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. त्यानंतर धाकटा भाऊ एक दिवस गाडी घेऊन गेला आणि मागच्या चाकांवर दोन-दोन जास्तीचे पाटे टाकून आला. "आता कितीही भरा, बसणार नाही," तो म्हणाला. गाडी खरंच मागून उंच दिसू लागली. आम्हाला सगळ्यांना ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. अब्बा तेवढे गप्प राहिले.

वरठी आलं तेव्हा दिवस उजाडत होता. भंडाऱ्याचं मुख्य रेल्वे स्टेशन शहरात नाही, ते इथे, आणि त्याचं नावही 'भंडारा रोड'. पुढे मोहाडी. याच तालुक्यातल्या आंधळगावचं कोशाचं कापड नावाजलेलं. अम्मींच्या पेटीत त्याची एक ओढणी अजून आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. कापणी उरकली होती, तणसाचे ढीग उभे होते. भंडाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवर तुमसर लागलं. तांदळाचं गाव. राईस मिलच्या धुराड्यांतून धूर निघत होता आणि हवेत कोंड्याचा वास होता.

तुमसरला एका मिलशेजारी धर्मकाटा आहे. अब्बा म्हणाले, "एकदा वजन करून घेऊ." थोरल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उशीर होतोय. येताना पाहू." गाडी पुढे गेली.

खरं तर त्याआधीच, मोहाडी सोडल्यावर, समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला होता. असा दिवा मागच्या आठवड्यातही दोनदा लागला होता आणि आपोआप गेला होता. धाकटा म्हणाला, "नव्या गाड्यांना असे शंभर दिवे असतात." गोबरवाही जवळ आलं तसा रस्ता चढाचा झाला. सातपुड्याच्या डोंगररांगा समोर दिसू लागल्या. चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणींकडे जाणारे-येणारे ट्रक आम्हाला मागे टाकत होते. पिवळा दिवा आता लुकलुकू लागला, शेजारी इंजिनाचाही दिवा पेटला आणि गाडीचा जोर एकदम गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीने सरकत होती. पुढच्या चढाला तीही चाल संपली. सकाळचे आठ वाजले होते.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. तीन भाऊ, एक म्हातारे वडील, आठ डेगा. पलीकडच्या गावात एका बापाच्या दारात पाहुणे जमत होते आणि त्याच्या जेवणाची सगळी भिस्त आमच्यावर होती. मुलीच्या लग्नात भांडी पोचली नाहीत तर त्या माणसाची काय अवस्था होईल, या विचाराने आमच्यातलं कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

तेवढ्यात मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉली रिकामी होती. चालवणारे काका थांबले. "बंद पडली का जी?" आम्ही सांगितलं. त्यांनी लग्नाचं गाव विचारलं, ट्रॉली मागे लावली आणि स्वतः खाली उतरून डेगा उतरवायला हात दिला. डेगा, शेगड्या आणि गाद्या ट्रॉलीत गेल्या. अब्बा आणि धाकटा त्यांच्याबरोबर गेले. हलकी झालेली पिकअप रांगत रांगत मागून निघाली. पहिली डेग साडेनऊला चुलीवर चढली. अर्धा तास उशीर झाला, पण निकाह वेळेवर झाला. काकांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना आग्रह करून जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सामान गावातच ठेवून रिकामी गाडी हळूहळू तुमसरला आणली. तिथल्या मिस्त्रींनी कॉम्प्युटर जोडला आणि आम्हाला समजावून सांगितलं. ते वाचकांच्याही कामी येईल म्हणून इथे लिहीत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या. त्याआधीच्या बीएस-४ डिझेलमध्ये गंधक दर दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत चालायचं, आता ते १० वर आणलं आहे. अशा डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक जाळीदार फिल्टर असतो. त्याला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी तो अडवून धरतो. ती साठत गेली की गाडीच थोडं जास्तीचं डिझेल वापरून फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता, एका लयीत चालावी लागते. आमची गाडी कशी चालत होती? गोदाम ते मंगल कार्यालय, दोन-तीन किलोमीटर. सामान चढवताना-उतरवताना इंजिन तासभर जागेवर सुरू. फिल्टर तापायला लागला की आम्ही चावी बंद करायचो. पिवळा दिवा सांगत होता की मला जरा लांब फिरवून आणा. आम्ही ऐकलं नाही, तेव्हा इंजिनाने स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी केला. आणि वर ओझं एवढं की उरलेल्या जोरात चढ निघेना.

एका ओळखीच्याने फोनवर सल्ला दिला, "तो फिल्टरच काढून फेका, कायमची कटकट मिटेल." मिस्त्रींनी मान हलवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटीही जाते. अब्बा म्हणाले, "आणि जी काजळी हा अडवतो ती मग कुणाच्या छातीत जाणार? शाळेच्या दारापाशी उभ्या असलेल्या पोरांच्याच ना?" तो विषय तिथेच संपला.

मिस्त्रींनी उभ्या गाडीत फिल्टर तापवून साफ केला आणि म्हणाले, "आता रिकामी गाडी पाऊण तास न थांबता चालवा." तसे आम्ही फिरत फिरत आंबागडकडे गेलो. लहानपणापासून नाव ऐकलेलं, पण लग्नसराईच्या धावपळीत कधी जाणं झालं नव्हतं. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह, ज्यांनी औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि ज्यांनी नागपूर वसवलं, त्यांचे सुभेदार राजाखान पठाण यांनी १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात त्याचा तुरुंग झाला. पायथ्याशी जंगल आणि वर बुरुज. आम्ही पायऱ्या चढून गेलो. तीनशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतीत जिथे झाडाची मुळं घुसली होती, तिथेच चिरे सुटले होते. अब्बा त्या फटीकडे बोट दाखवून म्हणाले, "रोप असताना उपटलं असतं तर दोन बोटांचं काम होतं." धाकट्याने खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

पिवळा दिवा विझला होता. संध्याकाळी गावात जाऊन सगळं सामान भरलं आणि परतताना तुमसरच्या धर्मकाट्यावर गाडी चढवली. या वेळी कुणी घड्याळ पाहिलं नाही. चिठ्ठी आली, ३,९४० किलो. आमच्या गाडीच्या कागदावर भरलेल्या गाडीचं वजन जास्तीत जास्त ३,४०० किलो आहे. म्हणजे ५४० किलो जास्त. पकडलं गेलं असतं तर २०,००० रुपये दंड, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. पण खरी भीती दंडाची नव्हती. मिस्त्रींचं एक वाक्य कानात होतं. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, टायर वाढत नाहीत, ॲक्सलही तोच राहतो. आधी गाडी मागे बसायची आणि ओझं जास्त झाल्याचं डोळ्यांना दिसायचं. पाटे टाकून आम्ही तेवढं दिसणंच बंद केलं होतं.

रस्त्यावर आणखी माणसं असतात. सायकलवरची पोरं, शेतावरून परतणाऱ्या बाया. त्यांनी आमच्या भाड्यात कसला वाटा घेतला होता, की त्यांचा जीव आम्ही ओझ्याखाली ठेवावा?

जनरेटर २१५ किलो, आणि अडीच किलोच्या १३० खुर्च्या म्हणजे ३२५ किलो. बरोबर ५४० किलो सामान तुमसरला मामूंच्या घरी उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी ते आणायला वेगळी फेरी केली. त्या लग्नात आम्हाला काही उरलं नाही. पण त्या रात्री मोहाडीवरून येताना ब्रेकवर पाय ठेवला की गाडी जागच्या जागी थांबत होती.

त्यानंतर घरात काही नियम झाले. जास्तीचे पाटे काढले. मोठं लग्न असेल तर दोन फेऱ्या आणि भाडं ठरवतानाच दुसऱ्या फेरीचे पैसे सांगायचे. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, तीही सांगितली पाहिजेत. सामान चढवताना इंजिन बंद. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर लाखनीपर्यंत नेऊन आणायची, आणि तिथे एखादं काम असेल तर तेही त्याच दिवशी काढायचं. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेलंच, कारण चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळत नाही. पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडायचं. धान कापणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर पाहायचा, कारण मिलचा कोंडा आणि शेताची धूळ त्याला गुदमरवते. लांबून आल्यावर चावी लगेच बंद न करता मिनिटभर थांबायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. टायरची हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे, अंदाजाने नाही. चाकांचे नट महिन्यातून एकदा आवळून पाहायचे. नवीन मालवाहू गाडीला फिटनेस दोन वर्षांचं मिळतं, त्याची तारीख आणि विम्याची तारीख अम्मींच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे.

आजोबा म्हणत, डेगेची कल्हई उडाली की आतलं अन्न कडवट होतं, आणि ते सर्वांत आधी पाहुण्याला कळतं, मालकाला नाही. म्हणून कल्हई वेळेवर करायची, पाहुण्याने सांगायची वाट पाहायची नाही.

धर्मकाट्याची ती चिठ्ठी धाकट्याने गाडीच्या काचेमागे लावली आहे. शाई आता पुसट झाली आहे, आकडा जेमतेम वाचता येतो. परवा लग्नाच्या सामानावर कुणीतरी म्हणालं, "अजून पंचवीस खुर्च्या सहज मावतील." धाकट्याने चिठ्ठीकडे पाहिलं आणि दोर आवळायला घेतला.