मोर्णेकांठचा वाडा आणि विजेची मोटार

अकोला शहराचे दोन भाग आहेत आणि त्या दोहोंमधून मोर्णा नदी वाहते. पूर्वेस रेल्वेस्टेशन, कचेऱ्या, मोठी पेठ व नव्या वसाहती. पश्चिमेस असदगड, ग्रामदैवत श्रीराजराजेश्वर आणि त्यांच्या आश्रयानें दाटीवाटीनें वसलेलें जुनें शहर. दहीहंडा वेशीवरील लेखावरून किल्ल्याच्या बांधणीचें वर्ष इसवी सन १६९७ असें धरतात. त्या काळीं गादीवर औरंगजेब होता आणि त्याचा वजीर असदखान याच्या नांवानें गड ओळखला जातो. वेशीच्या आंतील गल्ल्या ज्यांनीं आंखल्या, किंवा न आंखतां होऊं दिल्या, त्यांच्या डोळ्यांपुढें घोडा, पालखी, फार तर एखादी छकडी असावी. १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत जाऊन पोहोंचली. अकोल्याचें स्टेशन नदीच्या पलीकडे झालें, आणि तेव्हांपासून या गांवास जें जें नवें आलें तें पूर्वतीरावर उतरलें. जुन्या शहरांत तें आलें तें पुलावरून, उशिरां, आणि बहुधा अंग चोरून. अशा रीतीनें आलेल्या एका वाहनाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचा वाडा याच गल्ल्यांपैकीं एकींत आहे. वाडा चार पिढ्यांचा. आज त्यांत तीन चुली व अकरा माणसें. वडीलबंधु निवर्तल्यावर त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, हाच घरांतील मुख्य मिळवता पुरुष. आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे; मुलांना रघुवंश व शब्दरूपें शिकवून निवृत्त झालों, तेव्हां आमची मिळकत पेन्शनीपुरतीच. पुतण्या मूर्तिजापुरास एका बँकेंत आहे. जातांयेतां ऐंशीएक किलोमीटरांची मजल रोज पडते. पूर्वीं तो मासिक पास काढून आगगाडीनें जाई. पुढें बढती मिळाली, तिजोरीची किल्ली हातीं आली, आणि घरीं परतण्याची वेळ गाडीच्या वेळेशीं जुळेनाशी झाली. मग मोटारसायकल. परंतु २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला, उन्हापायीं जिल्हाधिकाऱ्यांनीं जमावबंदीचें कलम लागू केलें, आणि त्या आठवड्यांत पुतण्या दोनदां तोंड लाल करून घरीं आला. वहिनींनीं त्याच्या डोक्यावर ओलें फडकें ठेवलें व आम्हांस निक्षून सांगितलें, "भाऊजी, आतां चार चाकांचें कांहीं तरी बघा."

पुतण्याच्या मनांत भरली होती ती प्लग-इन हायब्रीड म्हणतात त्या जातीची मोटार. हायब्रीड हा शब्द वऱ्हाडास नवा नाहीं. १९६४ सालीं संकरित ज्वारीचें पहिलें बियाणें निघालें तेव्हांपासून आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी. त्यामुळें वहिनींचा पहिला प्रश्न असा, कीं हायब्रीडची भाकरी कधीं गोड लागली आहे का? मोटारींतला संकर मात्र निराळा. तिच्यांत पेट्रोलचें यंत्रहि असतें आणि विजेची मोटरहि. साध्या संकरित मोटारीची बॅटरी लहान. ती यंत्राच्या फिरण्यानें आणि ब्रेक दाबतांना वाया जाणाऱ्या जोरानें भरून निघते, तिला घरची वीज देतां येत नाहीं. प्लग-इन जातीची बॅटरी मोठी, आणि ती रात्रीं भिंतींतील प्लगाला लावून भरावयाची. सकाळीं पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर, कांहीं मोटारींत त्याहूनहि अधिक, ती निव्वळ विजेवर धांवते. वीज सरली कीं पेट्रोल आहेच. आमच्या राजराजेश्वराच्या छायेखालीं आम्हीं तिचें नांव अर्धनारीनटेश्वर ठेवलें.

कल्पना आजची नव्हे. फर्डिनंड पोर्शे यानें १९०० सालींच पेट्रोलचें यंत्र व चाकांत बसविलेल्या विजेच्या मोटरी एकत्र करून एक गाडी बनविली होती. तिचें लॅटिन नांव सेम्पर व्हिव्हस, म्हणजे सदाजीवी. मग ही विद्या जवळजवळ शतकभर निजली. जपानांत टोयोटानें डिसेंबर १९९७ मध्यें प्रियस काढली. चीनमध्यें बीवायडीनें डिसेंबर २००८ मध्यें प्लगावर भरणारी एफ-थ्री-डीएम काढली. अमेरिकेंत डिसेंबर २०१० पासून शेव्हरोलेची व्होल्ट विकली जाऊं लागली. रोज ठराविक अंतर तोडून ठराविक घरीं परतणाऱ्या नोकरदारासाठींच जणू ही रचना केलेली. मूर्तिजापूर एका भरणींत गांठावें, येतांना थोडें पेट्रोल जाळावें, आणि दिवाळींत बहिणीकडे पुण्यास जावयाचें तर वाटेंत कोठें प्लग मिळेल ही चिंताच नको.

परंतु मनांतली वस्तु बाजारांत असावी लागते. आमच्याकडे विचार चालू होता त्या २०२४ सालीं भारतांत प्लग-इन मोटारी होत्या त्या परदेशी श्रीमंती घराण्यांतल्या. मध्यम माणसाच्या आवांक्यांतली एकहि नव्हती. साध्या संकरित मोटारी मिळत, पण चार मीटरांहून लांब अशा मोटारीवर कर व उपकर मिळून त्रेचाळीस टक्के, आणि निव्वळ विजेच्या मोटारीवर पांच. (२२ सप्टेंबर २०२५ पासून पहिला आंकडा चाळीस झाला, दुसरा तसाच राहिला.) सरकारच्या मनांत काय आहे हें या दोन आंकड्यांवरून शाळेंतल्या पोरालाहि कळेल. अर्धनारी सांपडला नाहीं, तेव्हां नटेश्वरास सोडून पुतण्यानें दसऱ्यास शुद्ध विजेची मोटार घेतली.

आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. तो मोटारीचा नव्हता, तारेचा होता. पेट्रोलची मोटार कोठेंहि उभी केली तरी चालते. विजेच्या मोटारीस रात्रीं आठ-दहा तास एका जागीं, एका भिंतीजवळ बांधून ठेवावें लागतें. आमच्या गल्लींतून दोन माणसें शेजारीं शेजारीं चालूं शकतात, समोरून म्हैस आली तर एकास ओट्यावर चढावें लागतें. मोटार राहणार गल्लीच्या तोंडाशीं, वाड्यापासून दोनशें पावलांवर. तेवढी तार लोकांच्या दारांवरून नेणें शक्य नाहीं. शिवाय वाड्याचा मीटर एक आणि चुली तीन. मोटार एका युनिटांत सहासात किलोमीटर जाते, म्हणजे महिन्याचे तीनशें युनिट तिचेच. आपल्याकडे वीज शंभर, तीनशें, पांचशें अशा पायऱ्यांनीं महाग होत जाते; मोटारीचे युनिट त्यांत मिसळले कीं धाकट्या भावाच्या फ्रीजचाहि हिस्सा वरच्या पायरीवर जाऊन बसतो. एकत्र कुटुंबांत भांडण लागावयास याहून क्षुल्लक कारणें पुरलीं आहेत.

यांत आणखी एक गोष्ट होती. ती घरांत मोठ्यानें कोणी बोलत नसे. १३ मे २०२३ च्या रात्रीं जुन्या शहरांत दंगल झाली. एक माणूस प्राणास मुकला, कित्येक जखमी झाले, रस्त्यावरचीं वाहनें जाळलीं गेलीं. दिवस पालटले, दुकानें उघडलीं. पण आठनऊ लाखांची वस्तु रात्रभर उघड्यावर ठेवावयास मन धजेना. सूनबाईंनीं अखेर विषय काढला. पूर्वतीरावर एका नव्या इमारतींत सदनिका पाहून ठेवली आहे, तेथें खालीं मोटारीची जागा आहे, भिंतीस प्लग लावून देतों असें बांधणारा म्हणतो. बोलणें वाजवी होतें. पण पुतण्या गेला तर तीन चुलींतली मोठी चूल जाते, आणि मागें राहतात म्हातारीं माणसें व पडवीचीं कडीपाटें, हें तिलाहि ठाऊक होतें. वहिनी त्या रात्रीं जेवल्या नाहींत.

गल्लीच्या तोंडाशीं एक पिठाची चक्की आहे. आमच्या घरची ज्वारी तीन पिढ्या तेथेंच दळली गेली. आतां पिशवींतलें पीठ आल्यापासून ती बंद आहे. चक्कीवाले चाचा आमच्याहून चार वर्षांनीं वडील; त्यांच्या धाकट्या मुलास आम्हीं शाळेंत पाढे घोकविले. त्यांच्या कानीं ही गोष्ट कशी गेली न कळे, एका सकाळीं ते ओट्यावर येऊन बसले व म्हणाले, "गुरुजी, मशीन बंद झाली, लाईन त बंद नाही झाली न. शेड रिकामी हाय. लावा न तिथं गाडी."

चक्कीची लाईन थ्री-फेजची, जाड तारेची. मोटारीस यापरतें काय हवें? आमच्या मनांत शंका, दुसऱ्याची वीज विकत घेणें कायद्यांत बसेल काय? पुतण्यानें सांगितलें, एप्रिल २०१८ मध्यें केंद्र सरकारनें खुलासा केला आहे कीं मोटार भरून देणें ही वीज विकणें नव्हे, त्यास परवाना लागत नाहीं. वीजकंपनीच्या कचेरींत विचारून वायरमननें एक लहान मीटर निराळा बसविला. महिन्याच्या एक तारखेस चाचा चष्मा लावून आंकडा वाचतात, पुतण्या वहींत लिहितो, आणि दोघांच्या सह्या होतात. पेट्रोलवर जो खर्च आला असता त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंतबाहेर काम भागतें. जागेचें भाडें चाचा घेत नाहींत. वहिनी दर एकादशीस त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी पाठवितात.

एकदां आम्हीहि या मोटारींतून मूर्तिजापुरापर्यंत जाऊन आलों. सकाळीं साडेसातांस शेडचें दार उघडलें. गाडी सुरू झाली हें आम्हांस ती हलल्यावर कळलें, इतकी ती मुकी. हा गुण हमरस्त्यावर चांगला, गल्लींत नव्हे. बकरीं व पोरें आवाजावरून बाजूस होतात, म्हणून पुतण्या पुलापर्यंत माणसाच्या चालीनेंच जातो. मोर्णा ओलांडली, अशोक वाटिका व नेहरू पार्क मागें पडलें, कृषि विद्यापीठाचीं हिरवीं शेतें लागलीं, आणि मग गाडीनें पंख पसरले. बोरगांव मंजू गेलें, काटेपूर्णेचा पूल गेला. अमरावती व अकोला यांमधील याच राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्यें १०५ तास ३३ मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटर डांबरी पट्टा सलग घालून गिनेस बुकांत विक्रम नोंदविला गेला. दोन्ही बाजूंस कपाशी व तूर, मध्यें आम्ही, आणि कानांत फक्त वारा. मूर्तिजापुरास शकुंतलेच्या अरुंद रुळांजवळ पुतण्यानें आम्हांस उतरविलें. त्या गाडीस ओढणारें मँचेस्टरचें वाफेचें इंजिन १९९४ सालापर्यंत येथें धापा टाकीत होतें. तें पाहिलेलीं माणसें अजून चहाच्या टपरीवर भेटतात.

परततांना पश्चिमेकडे आकाशांत धुराची एक रेघ दिसली. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, आपली धुराची नळी ती बघा." पारसच्या वीजकेंद्रांत प्रत्येकी अडीचशें मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात. तेथलीच वीज आमच्या चक्कींत येते असें नव्हे, सारी वीज एका जाळ्यांत मिसळते. तथापि वऱ्हाडांतल्या मोटारीनें आपण धूर सोडीत नाहीं अशी प्रौढी मिरवूं नये हें बरें.

अडचणी आहेतच. उन्हाळ्यांत गारवा यंत्र चालू ठेवलें कीं एका भरणीचे किलोमीटर कमी होतात. श्रावणांत, विशेषतः शेवटच्या सोमवारीं, गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी घेऊन कावडी राजराजेश्वरास येतात, तेव्हां जुन्या शहरांतून मोटार काढण्याची गोष्टच नको. पुतण्या आदल्या संध्याकाळींच ती पूर्वतीरावर मित्राच्या दारीं नेऊन ठेवतो आणि रात्रीं कावड पाहावयास पायीं परत येतो. पुण्यास मात्र तो अजून आगगाडीनेंच जातो, आणि म्हणतो, तो दुसरा, संकरित प्रकार स्वस्त झाला तर ही मोटार मोडींत काढीन.

सदनिकेचा इसारा दिलेला आहे. सूनबाईंनीं तो परत मागितलेला नाहीं, आणि आम्हींहि विचारलेलें नाहीं. खरेदीची मुदत एकदां वाढविली, दुसऱ्यांदां वाढविली. चाचांचा मोठा मुलगा मुंबईस असतो, त्यास चक्कीच्या जागीं दुकानें काढावयाचीं आहेत, असेंहि कानांवर येतें. गेल्या महिन्यांत चाचांनीं शेडवर नवे पत्रे घातले. पुतण्यानें अर्धे पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले आणि वहींत लिहून ठेवावयास सांगितलें.